फीट्स

ख्रोनिंगनच्या कालव्याकाठी, वुबोच्या दुकानात
पाण्याचं एक घमेलं आहे.
ट्यूब बुडवायची, हळूहळू फिरवायची,
बुडबुडे निघतील तिथे भोक.
बत्तीस वर्षांत घमेलं त्याच्याशी
एकदाही खोटं बोललेलं नाही.

आज खेस्के आली. मागचं चाक बसलेलं.
शब्दकोशाच्या कचेरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी
बोलताना अंगठा तर्जनीवर घासते,
चिठ्ठ्या चाळल्यासारखा.

"बायसिकलचं सोपं आहे रे.
लॅटिनमधलं ‘दोन’, ग्रीकांचं ‘चाक’,
फ्रेंचांनी दोघांची मोट बांधली.
दोन गावची चाकं, एक सांगाडा,
तरी बघ कसा पळतोय.
पण आपला फीट्स?
कुणी म्हणे वेलोसिपेद लोकांच्या तोंडात
झिजून झिजून एवढाच उरला.
कुणी म्हणे फीट्स आडनावाचा गाडीवाला होता.
कुणी म्हणे जर्मनांचा उपघोडा."

"उपघोडा?" वुबोच्या हातून पाना सुटला.
"हसू नकोस. त्या एका चिठ्ठीवर
माझे दोन हिवाळे गेलेत."

आपण मराठीत तर ‘बाय’ केव्हाच गाळला.
‘सायकल’ म्हणतो, म्हणजे नुसतं चाक,
आणि खुशाल दोन चाकांवर बसून जातो.
खोदत गेलं तर ग्रीकांचं ते चाक
आणि आपल्या कुंभाराचं चाक
एकाच पणजीची लेकरं निघतात.
पण खेस्केला त्याचं काय?
तिला तिच्या शब्दाचं पडलंय.

वुबोनं ट्यूब बुडवली.
दोघंही वाकून बघत राहिली.
एक फेरा.
दुसरा, आणखी सावकाश.
पाणी गप्प.

"भोकच नाही."
"हवा तर गेली ना?"
"गेली. कुठून, ते सापडत नाही.
होतं असं कधीकधी."

ती घमेल्याकडे बघत उभी,
तिच्याच अक्षरातली एखादी चिठ्ठी वाचावी तशी:
व्युत्पत्ती अज्ञात.

त्यानं हवा भरली, अंगठ्यानं दाबून पाहिलं.
"जा. पुलापर्यंत तरी जाशील."
"आणि पुढे?"
"पैसे नकोत."

वारा समोरून होता.
पुलाच्या चढावर ती सीटवरून जराशी उठली,
आडव्या आलेल्या बदकासाठी घंटी वाजवली,
आणि पलीकडे उतरली.

वुबो थोडा वेळ दारात थांबला.
मग घमेल्यातलं पाणी बदललं.