खरवडू नका

भोकाच्या काठावर मी बसते, रबरी नळी मांडीवर घेऊन.
नळी धडधडते तोवर खाली भाऊ आहे.
एप्रिलचा बर्फ, माझ्या उंचीएवढा जाड,
आणि त्याच्या तळाशी लोसी चिखलात हात घालून
अम्मूमाजुक उपटतो, एकेक,
जसा कुणी मातीतून मुळा ओढावा.
मुळा मी पाहिलाय तो दुकानातच,
प्लास्टिकमध्ये, नऊ डॉलरला.

हा शिंपला स्वतःला वीतभर गाडून घेतो.
वर ठेवतो फक्त मान,
काळी, सुरकुतलेली, जुन्या बुटाच्या चामड्यासारखी.
त्या मानेवर, शिंपल्याच्या उघड्या कडेवर
वस्ती असते म्हणे.
पंचवीस वर्षं मी ती बोथट सुरीने काढत आले,
खर्र खर्र, बादलीत,
आणि बादली कुत्र्यांपुढे.

यंदा ट्रोम्सोहून रान्दी नावाची बाई आली.
म्हणाली, खरवडू नका. घाणेरडेच द्या.
घाणेरड्याला दुप्पट पैसे.
लोसी इतका हसला
की मिशीतला बर्फ तुटून कॉफीत पडला.

आमच्याच टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी,
तिने सूक्ष्मदर्शक मांडला. बघा.
मी एक डोळा मिटला.
मोहरीहून लहान, पांढरी गुंडाळी;
तिच्या तोंडातून पिसांचा पंखा आला
आणि पाण्यालाच वारा घालू लागला.
पलीकडे जाळी, आईच्या टोपीच्या विणीसारखी,
दर टाक्यात एक जण राहणारा.
आणि झुडूप. काचेचं.
एक झाड नसलेल्या या बेटावर, माझ्या घरात, झुडूप.

लहानपणी हे पोहतात, रान्दी सांगत होती,
थोडे दिवस, कुठेही, प्रवाह नेईल तिकडे.
मग टेकायला काहीतरी कठीण लागतं.
खाली सगळा चिखल,
त्यात कठीण म्हणून काय ते हेच.
एकदा चिकटले की संपलं.
आणि शिंपल्याला त्रास?
बहुधा त्याला कळतही नाही, ती म्हणाली.
तिचं ते 'बहुधा' मला आवडलं.

पेन्सिलीने तिने लिहिलं:
शिंपला सात. एकूण एक्केचाळीस.

आई चुलीपाशी होती. हात पुसले, आत गेली,
आणि दोरीत ओवलेली एक गोल चकती घेऊन आली,
चहाच्या रंगाची, एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला आकडा.
मलाही मोजलं होतं, ती म्हणाली.
आमची नावं त्यांना लिहिता येईनात.
मी भाषांतर करत गेले. जरा हळूच.
पलीकडच्या खाडीतली मी.
बोट आली, म्हणाले, चला.
किटली तशीच राहिली विस्तवावर.

रान्दीने पेन्सिल खाली ठेवली.

आईने विचारलं, यांना इथून काढलं
तर दुसऱ्या शिंपल्यावर लागतील का हे?
नाही.
मग आमचं बरं, आई म्हणाली,
आणि चकती भिंगाखाली सरकवली:
बघ गं, हिच्यावर काही लागलंय का?

रान्दीने खरंच पाहिलं. बराच वेळ.
धागे आहेत. सीलची चरबी, जुनी.
कडेच्या चिरेत एक केस अडकलाय, बारीक, बाळाचा असावा.
आईने तो आकडा पुन्हा मुठीत घेतला.
कुणाचा, ते तिने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही; आम्ही सात भावंडं होतो, आता चार.

खायचे शिंपले साफ तर करावेच लागतात,
नाहीतर दातांखाली कचकच.
पण आता मी इथेच, काठावर बसून खरवडते
आणि खरवड परत भोकात सोडते.
काही उपयोग नाही त्याचा, रान्दी म्हणते.
ठाऊक आहे.

नळी मांडीवर धडधडते.