जपान्या

कपडेपटातल्या तिसऱ्या पेटीत, दरोडेखोरांच्या मुंडाशांखाली
तो घडी घालून असायचा.
गणपा बोंगाळे त्याला नुसतं "जपान्या" म्हणायचे.
"पोरी, जपान्या काढ बघू."
कुणी म्हणे, बर्मातून एका नाईकानं आणला.
बोंगाळे म्हणत, छट्, लक्ष्मीपुरीच्या बाजारात
सव्वा रुपयाला घेतलाय म्या.

आल्या आल्या कॉलरवर काळी पट्टी मारून
त्याला फौजदार केला.
मग जंगलखात्यात गार्ड, मग पोस्टमन,
एकदा छातीत गोळी खाऊन चिखलात पडला
(तो डाग रिठ्यानंही गेला नाही).
स्टुडिओला कुलूप लागलं तेव्हा
एका ब्रासबँडवाल्यानं भाड्यानं नेला,
काळ्या पट्टीवर जर टाचली, खांद्याला झालर,
आणि सात लगीनसराया
जपान्यानं क्लॅरिनेट वाजवलं.

परवा जर बदलायला बसले.
ब्लेडनं एकेक टाका. जर निघाली, काळी पट्टी निघाली,
आणि खाली
बाकी सगळा कोट उसाच्या पाचटासारखा,
तिथं मात्र एवढीशी जागा
ओली असावी तशी गडद,
पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली.
कडेला दोन तांबडे धागे अडकलेले.

फोटो काढायला आलेला पोरगा म्हणाला,
"तांबडा म्हणजे पायदळ, मावशी.
हिरवा असता तर घोडेस्वार, पिवळा तर तोफखाना."
शेजारच्या भोकांत पितळी आकडे होते म्हणे,
पलटणीचा नंबर.
मी भोकांवरून बोट फिरवलं. तीन? की आठ?
आईनं साज मोडला तेव्हा
गुजरीतल्या सोनारानं दोरा तेवढा परत दिला होता.
ती त्याच्यावर असंच बोट ठेवून सांगायची,
इथं मासा, इथं कासव, हितं भुंगा.
मला कुणी सांगणारं नाही.

अस्तरावर शाईचा शिक्का.
"तैशो सात," पोरगा म्हणाला, "एकोणीसशे अठरा."
साथीचं साल.
बोंगाळे त्याच साली जन्मले, आई बाळंतखोलीतच गेली.
चाळीस वर्षं त्यांनी इस्त्री केली या कोटाला,
दोघं एका वयाचे, हे न कळता.

पोरगा गेल्यावर कोट उजेडात धरला.
त्या पाकोळीच्या कडेनं सुईची भोकं
सगळी उलट्या बाजूला कललेली.
म्हणजे शिवणारा डावखुरा.
आणि शेवटची चार अंतरं लांब लांब,
घाईत, कुणी बाहेरून हाक मारत असावं.

हे त्या पोराच्या पुस्तकात नसणार.

उद्या बँडवाला येईल. वडणग्यात लग्न आहे.
नवी जर मी त्याच भोकांतून घालतेय,
डाव्या हातानं,
आणि टाके फार वाईट येताहेत.