शब्द: तीन

फोनचे मनोरे गेले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.
वाळपईच्या मामलेदार कचेरीत
मी संस्थेच्या तांदळाची यादी घेऊन बसलेली,
आणि हातातला मोबाईल
कुणीच न पुसलेल्या, कुणीच न लिहिलेल्या पाटीसारखा.

सहाला दोघे आले.
एव्हारिस्त फुर्ताद, मूळ दिवाडीचा, उसगावात फ्रीज दुरुस्त करतो,
आणि शाबा माजीक, खाण बंद पडल्यापासून
घरीच असलेला इलेक्ट्रिशियन.
खांद्यावर तारेचं भेंडोळं, गोणपाटात गुंडाळलेला डबा.
साहेब म्हणाले, "हे कोण? लग्नाचे लाऊडस्पीकरवाले?"
मी हसले.
लिहून ठेवते, मी हसले होते.

एव्हारिस्तने गलोलीतून शिशाचा गोळा मारला
फणसाच्या शेंड्यावरून पलीकडे, मागे गळाची दोरी.
तिसऱ्यांदा जमलं. दोरीमागून तार चढली.
बॅटरी कोंबड्यांच्या टेम्पोतली, उसनी,
अजून दोन पिसं चिकटलेली.

मग तो आवाज, तापल्या तव्यावर मीठ पडल्यासारखा.
शाबा म्हणाला, "गप्प राहा. सगळेच."
नऊ माणसं आणि एक सरकारी खातं
गप्प राहिलं.

खरखरीच्या तळातून कुणीतरी वर आलं:
"धामशे. धामशेहून. ऐकू येतं का?"
म्हादईच्या पलीकडची सुलक्षा गांवकर,
गेल्याच वर्षी परीक्षा देऊन परवाना मिळालेली,
आवाज थंडीनं कापणारा, पण शब्द एकेक वेगळा ठेवलेला.
देवळाच्या मंडपात माणसं सिक्स्टी.
मी साठ लिहिलं.
शाबानं माझ्या पेनावर बोट ठेवलं.
"आकडे सुटे सांग, ओव्हर."
"एक. सहा."

सोळा.
साठ लिहिले असते तर दोन्ही होड्या तिकडे गेल्या असत्या,
आणि खडकीत कौलांवर बसलेल्यांनी
दिवसभर पाण्याकडेच बघितलं असतं.

आमच्या संस्थेला पत्रं लिहायची सवय.
"सविनय कळविण्यात येते की" मी सुरू केलं
आणि एव्हारिस्त म्हणाला, "बाय, हें बॅटरी खाता."
निरोपाचा क्रमांक, कुणाकडून, कुणाला, शब्द किती.
बोलून झालं की बटण सोडायचं.
सोडलं नाही तर समोरचा तुला सांगूच शकत नाही
की त्याला काही ऐकू आलं नाही.

निरोप सात: इन्सुलिन होडीनं निघालं.
पण तिथे वीज कुठली, बर्फ कुठला?
एव्हारिस्तने मायक्रोफोन ओढून घेतला,
जन्मभराचा धंदा चार वाक्यांत सांगितला:
मोठं मडकं. आत लहान मडकं. मध्ये ओली वाळू.
वारा लागेल तिथे ठेव, ओव्हर.

निरोप नऊ, खडकीहून:
म्हाळशीला सांगा सोयरू जिवंत आहे.
शब्द पाच.
शाबा म्हणाला, "'आहे' काप, एक वाचेल."
बॅटरी उतरत होती, मला काटा दिसत होता.
मी 'आहे' कापला नाही.
तोही पुढे काही बोलला नाही.

तिसऱ्या दुपारी सगळ्यांचे फोन एकदमच वाजले.
त्या कलकलाटात कुणाला दिसलं नाही
दोघे फणसाखाली तार गुंडाळताना.
बॅटरी पिसांसकट परत गेली.
अहवालात 'साधनसामग्री' असा रकाना होता,
मी त्यात ताडपत्री लिहिली, होड्या लिहिल्या, मेणबत्त्या,
आणि मग बराच वेळ पेन तसंच.

आता दर रविवारी सकाळी साडेसातला
मी शाबाच्या पडवीत जाते, वही घेऊन.
घरचे म्हणतात, पूर ओसरला, आता काय?
काही नाही. सराव.
उसगाव हजर. खडकी हजर.
धामशे, हवा कशी, ओव्हर?

थोडी खरखर.
मागे कुठेतरी कोंबडा, आणि सुलक्षाचा जांभई दाबलेला आवाज:
"काही विशेष नाही."

मी लिहून घेते.
शब्द: तीन.