उजेडात धरून

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोऱ्या नोटांतल्या चुका शोधल्या.
अक्षर सरकलं, शाई फुटली, धागा तिरपा गेला
की ताव बाजूला.
सुटताना गेटवर झडती, डब्याचं झाकणसुद्धा उघडून.
हाताखालून किती कोटी गेले, मोजले नाहीत.
पगार तेवढा मोजून घेतला.

आता जेलरोडला, गिरणीशेजारच्या ओट्यावर,
चारनंतर लोक येतात फोन घेऊन.
काका, तुम्ही नोटांतले. हे जरा बघा ना.

नोटांतला माणूस या नाण्याचं काय सांगणार?
वाजत नाही, दगडावर आपटता येत नाही,
दाताखाली धरता येत नाही.
तरी विचारतात.
पाकीट म्हणजे नेमकं असतं कुठे?
फोन गोदावरीत पडला तर पैसेही बुडाले का?
भलत्याच पत्त्यावर गेले तर अर्ज कुणाच्या नावे?
कुणाच्याच नाही, मी म्हणतो.
तिथे मॅनेजर नाही, खिडकी नाही,
जेवणाची सुट्टीसुद्धा नाही.
आधी थोडे पाठव. पोचले का बघ. मग उरलेले.

सातपूरला लेथवर असणारा प्रणित खैरनार
महिन्याला पाचशेचं घेतो, कुणाला सांगत नाही.
त्याचा प्रश्न बारा शब्दांचा:
हे ठेवू कुठे?
फोटो नको. स्वतःला मेल नको.
कागदावर लिही, दोनदा, दोन घरांत ठेव.
आणि ही बाराखडी जो मागेल,
कंपनीचा म्हणवो की पोलिसांचा,
तो चोर. पुढे बोलूच नकोस.
त्याला जाड कागद दिला.
प्रेसमधला नव्हे, तिथला कपटाही कधी घरी आला नाही.
बिटकोवरून आणला, चार रुपयांना.
प्रणित हसला: काका, बिटको तर आपल्याकडे आधीपासूनच आहे.

सुलक्षणा कोठावदे दिवेलागणीला आली,
पार्लर बंद करून, हाताला मेंदीचा वास.
ॲपमध्ये अठरा लाख. हिरवे.
घातले होते दोन लाख चाळीस.
सुरुवातीला आठ हजार परत आले होते खरेच,
त्यातून मिक्सर घेतला.
आवळा देऊन कोहळा, मी मनात म्हणालो,
मोठ्यानं नाही.
आता ती टेलिग्रामवरची मॅडम म्हणते,
आधी कर भरा, तीन लाख, मग सगळे सुटतील.

कर सरकारला भरतात, बाई.
मॅडमला नाही.
आणि ज्याच्याकडे तुमचे अठरा आहेत
तो त्यातूनच तीन का कापून घेत नाही?

ती गप्प राहिली.
मी सवयीनं फोन उचलून ट्यूबलाइटसमोर धरला,
जसा ताव धरायचो.
काचेत माझंच तोंड आणि मागे गिरणीचा पट्टा.
जलचिन्ह कुठे असणार.

एकोणीसशे तीसला फोन लावला, तिच्याच हातून.
व्यवहाराचे नंबर वाचताना तिचा आवाज
एकदाच अडखळला, मिक्सरच्या तारखेपाशी.
जाताना सांगितलं:
आता आठवड्यात कुणीतरी फोन करेल,
बुडालेले काढून देतो म्हणेल, फी आधी मागेल.
तो यांचाच भाऊ.

ती उंबऱ्यात थांबली.
काका, तुम्हाला हे एवढं कसं माहीत?

ग्रॅच्युइटीतले चार लाख. गेल्या दिवाळीनंतर.
मग त्या भावाला सव्वीस हजार, वर.
घरात अजून मुदत ठेव आहे असंच समजतात.
चौतीस वर्षांत एक खोटा ताव
माझ्या टेबलावरून पुढे गेला नव्हता.

पेपरात येतं ना, म्हणालो.
ती गेली.
गिरणीवाल्यानं पट्टा काढला,
पीठ बसेपर्यंत दिवा चालूच ठेवला मी.

उद्या सांगेन कदाचित.
आधी प्रणितला, मग तिला, मग घरी.
किंवा आधी घरी.