आधी बनियन काढा

खडेबाजारात माझ्या दुकानात पोरं येतात,
चोर्ल्याला निघालेली, हेल्मेट काखेत.
जॅकेट उलटंसुलटं करून विचारतात,
"अंकल, वॉटरप्रूफ आहे ना? गॅरंटी किती?"
मी म्हणतो, आधी बनियन काढा.
ती हसतात.
त्यांना ओमाण्णा ठाऊक नाही.

कणकुंबीच्या वर, आश्विनातला पाऊस.
दाणा दुधात,
आणि डुकरं रोज रात्री बांधावरून, रांगेनं.
पंचांनी सांगितलं, आज ओमाण्णाची पाळी.
त्याच्याकडे ठासणीची बंदूक, परवान्याची,
आणि मी, सोळा वर्षांचा भाचा, बेळगावहून आलेला,
अंगात नवा नायलॉनचा कोट.
चालताना सर्र, सर्र.

मामानं बाही चिमटीत धरली,
कानाशी नेऊन चोळली.
"हे कापड डुकराला तुझं नाव सांगतंय की रे.
काढ."

मग केळफूल सोलावं तसं मला सोललं
आणि नव्यानं बांधायला घेतलं.
बनियन गेला चुलीवरच्या दोरीवर:
"कापूस कोरडा हाय तवर सोयरा.
भिजला की सावकार, ऊब वसूल करतोय."
उघड्या कातडीवर लोकरी स्वेटर,
फौजेतल्या मेव्हण्यानं दिलेला, कोपरांना रफू,
आतली बाजू बाहेर.
"रातभर बसायचंय. शिवणी काचत्यात."
त्यावर खाकी शर्ट, दोन मापं मोठा.
"मधी वारं कोंडून ठेवायचं.
तेच खरं पांघरूण, फुकटातलं."
सगळ्यावर काळी कंबळी, खोळ करून, डोक्यावरून.
"हिच्यात पाणी शिरतंय, खरं थंडी नाही शिरत."
वास ओल्या मेंढराचा.
"ते बरं. डुकराला माणसापेक्षा मेंढरू परवडतंय."

चढ लागला तशी त्यानंच कंबळी काढायला लावली.
मी कुडकुडत होतो.
"निघताना थंडी वाजाय पायजे गा.
घामानं भिजलास तर पावसाचा काय दोष?"

माळ्यावर बसलो, कंबळी परत घेतली.
पाऊस थांबला, मग झाडांनी सुरू केला.
कुठंतरी खाली मलप्रभा, अजून ओढ्याएवढी.
बारा वाजले असतील. एक वाजला असेल.
स्वेटर ओला, जड,
आणि नवल म्हणजे ऊबदार.
मला डुलकी लागली.

कोपर ढोसलं तेव्हा ती आली होती,
सात की आठ.
राठ केसांवर चिखल, चिखलावर पाणी,
पाण्यावर वाफ.
त्यांनीही सगळं रीतसर घातलं होतं.
मी मामाकडं पाहिलं.
त्याची कंबळी त्याच्या अंगावर नव्हती.
घोडा, दारूची शिंगी, केपांची डबी,
सगळं तिच्यात गुंडाळलेलं,
नवं मूल गुंडाळावं तसं.
तो बनियनवर.
कापसाच्या.

बार उडाला. कुणाला लागला नाही.
डुकरं गेली, तिसऱ्या रात्री परत आली.
निम्मं भात हाताशी लागलं.
उतरताना म्हणाला, "मी भिजलो तर वाळतोय.
दारू वाळत नाही."
दात वाजत होते, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

त्याचा खोकला शिमग्यापर्यंत टिकला.
घरात लोकरीचा स्वेटर एकच होता,
हे मामीनं सांगितलं, खूप नंतर,
तिसऱ्याच कुणाच्या लग्नात, पंगतीला बसताना,
सहज.
मी तो बेळगावला नेला होता.
परत दिल्याचं आठवत नाही.

"अंकल, गॅरंटी?"
सहा महिने, मी म्हणतो, फक्त शिवणीची.
चेन वरपर्यंत लावून दाखवतो,
बिल फाडतो,
आणि गिऱ्हाईक पाकीट काढेपर्यंत
बाही कानाशी नेऊन चोळतो.