एक लांब, दोन आखूड

बटण दाबलं की पंखा फिरतो,
हिरवा दिवा लागतो,
आणि मग डब्याच्या पोटातून
एक लांब शिट्टी, दोन आखूड.
पडदा काळाच.

कार्ड कोल्हापूरहून आलंय, एसटीच्या पार्सलने,
कुणाच्या तरी जुन्या टॉवेलात गुंडाळून.
कॉम्प्युटर शाळेच्या लिलावातला,
कुशीवर अजून पांढऱ्या रंगात: संगणक कक्ष, ७.
कुडाळच्या इंजिनियरला शुक्रवारपर्यंत
एका होमस्टेचा जिना हवाय,
उजेडासकट, सावलीसकट.
पैसे जिन्याचे मिळत नाहीत,
सावलीचे मिळतात.

कबूल करते, आधी वायर चुकीच्या जागी होती.
जुन्या खाचेतून काढून कार्डात लावली.
एक लांब, दोन आखूड.
कार्ड उपसलं, परत बसवलं, खटका वाजेपर्यंत.
रॅमची पट्टी काढून फुंकली, लावली.
नाण्याएवढा सेल बदलला.
कार्ड बाहेर ठेवलं तर चित्र येतं,
तारीख मात्र जानेवारी दोन हजार दोन,
म्हणजे मी अजून जन्मायचीच होते.
खोडरबराने कार्डाचे सोनेरी दात घासले;
रबर काळं झालं.
सर्जेकोटात खारं वारं
सोन्यालासुद्धा ओळख देत नाही.
पुन्हा लावलं.
एक लांब.
दोन आखूड.

बाबा ओटीवर जाळं सांधत होते.
"गो रसिका, कोण बोंबालता ता?"
कॉम्प्युटर, म्हटलं.
"परत वाजव बघू."
वाजवला.
सुई हवेतच थांबली.
"ह्यां धुक्यातला.
काय दिसणा नाय तेवा
जाळा टाकलेली होडी असाच वाजयता.
म्हणजे, माका वळूक जमाचा नाय,
तुमीच बाजूक जावा."

मदरबोर्डच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेत मी पाहिलं:
एक लांब, दोन आखूड –
चित्र दाखवणारं काही सापडत नाही.
दोन्ही अर्थ
एकाच धुक्यातले वाटले.

मग ते उठले. चष्मा कपाळावरून खाली.
चाळीस वर्षं डिझेलच्या इंजिनांत घातलेलं डोकं
डब्यात घातलं,
आणि कार्डाच्या शेपटाकडच्या
सहा रिकाम्या भोकांवर बोट ठेवलं.
"हेका जेवाण खंयसून?"

मला वाटलं होतं, ती भोकं शोभेची.
जुन्या पॉवरच्या डब्यातून तशी वायरच निघत नव्हती.
त्याच्या अंगावर गंजाखाली वाचता आलं: अडीचशे वॅट.
"इंजिन सहा सिलिंडरचा,
आणि नळी होडग्याची," बाबा म्हणाले,
आणि परत जाळ्याकडे गेले.
एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत.

मालवणातून नवा डबा आणला, साडेचारशेचा.
सावलीचे निम्मे पैसे तिथेच गेले.
आणि तो बसेना. बोटभर लांब निघाला.
शेवटी बाहेरच ठेवला, टेबलावर, लाकडाच्या ठोकळ्यावर,
आणि बाबांनी निळ्या नायलॉनच्या दोरीने
कॅबिनेटला असा बांधला
की भरतीलासुद्धा सुटू नये.
झाकण आता कायमचं उघडं.
पाल आत जाऊ नये म्हणून त्यावर
त्यांनी जाळ्याचा तुकडा ताणला, बारीक आसाचा,
मोरी मासळीचा नव्हे, कोळंबीचा.

शुक्रवार. पहाटेचे पावणेपाच.
बटण.
पंखे दोन, आवाज दोन जातींचे.
मी श्वास धरला.
एक आखूड.
एकच.

"उजव्याक वळली," ओटीवरून आवाज आला.
ते जागेच होते.

पडद्यावर अक्षरं नारळाएवढी, रंग विटलेले,
ड्रायव्हर घालायचा बाकी.
तरी जिना उघडला:
सतरा पायऱ्या, अजून उजेड नाही.
बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले,
बराच वेळ बघत होते.
"ह्या घरातसून दर्या दिसता?"

खिडकी काढायची राहिलीय, म्हटलं.