पायी

तुला पंख नाहीत हे मला उशिरा कळलं.
तेलाच्या डब्यात टाकला तेव्हा तू उडाला नाहीस,
उलटा पडून नुसते पाय हलवत राहिलास,
मातीच्याच रंगाचा, लांब सोंडेचा.

म्हणजे तू चालत आलास.
खालच्या वस्तीतून, ओढ्याच्या कडेकडेनं,
दगडी बांधांच्या फटींतून,
दरसाल दोन वाफे वर.
आम्ही बटाटा घेऊन चढलो,
तू मागोमाग.

लग्नाच्या वेळी सासूनं माझ्या हातात दिला होता
तो गाठीगाठींचा बटाटा,
आमच्यात त्याचं नावच 'सुनेला रडवणारा'.
साल पातळ निघाली पाहिजे. मी काढली.
आत पिवळाधमक होता.

परवा माझ्या सुनेनं सोलायला घेतला.
येसिका हसत होती, तिची बहीण फोनवर शूटिंग करत होती.
अर्ध्यात सुरी थांबली.
आत भुयार, भुयाराच्या तोंडाशी अळी.
कोणी काही बोललं नाही.
चांगला अर्धा भाग मी उकडायला टाकला.
आठवड्यानं ती दोघं आरेकिपाला गेली, सिमेंटच्या कामावर.
बटाटा वर, पोरं खाली.

जूनमधला गारठा आमचा गडी होता.
रात्री माळावर बटाटे पसरायचे,
पहाटे त्यांचे दगड झालेले.
ऊन लागलं की अनवाणी तुडवून पाणी काढायचं,
चुन्यो वाळवायचा, मग तो
पोरं मोठी होईपर्यंत टिकायचा.

यंदा तीन रात्री पसरले.
चौथ्या सकाळी पाय ठेवला तर लिबलिबीत. कोमट.
असा स्पर्श पायाला एकदाच झाला होता,
मेलेल्या कोकराचा, अंधारात.

तोच गारठा जमिनीत तुलाही अडवायचा म्हणे.
कुस्कोहून आलेला इंजिनिअर म्हणाला,
आणखी दीडशे मीटर वर लावा, मामासिता.
चांगला मुलगा आहे, दम लागला होता त्याला.
दीडशे मीटरवर वेन्सेस्लाओचे अल्पाका चरतात.
त्याच्या वर दगड.
त्याच्या वर, जिथं बर्फ असायचा, ओला काळा कडा.
त्याच्या वर मी बोट दाखवलं
तर बोट आभाळात गेलं.

कोंबड्या सोडल्या शेतात, त्यांचं पोट भरलं,
तुझं घर रिकामं झालं नाही.
चर खणले. कोठारात थराथरात मुन्याचा पाला घातला,
अजून त्याच वासात झोपते मी.

आता कपाळाला बॅटरी बांधून
रात्री एकेक पान उलटते.
आज दोनशे अकरा.
कालच्यापेक्षा सहा कमी,
किंवा मोजताना झोप लागली.

डब्याचं झाकण लावलं.
एक राहिलाय, बाहीवर.
झटकायला हात उचलला आणि तसाच ठेवला,
बघू तरी कुठे जातो.

कोपर ओलांडलं.
खांद्याकडे निघालाय.